सासूबाई खोटं बोलत नाहीत

आमच्या डोंबिवलीच्या बचत गटातली एक ताई दोन महिने बैठकीला आली नाही. हप्ता मुलाच्या हाती यायचा. मी घरी गेले तेव्हा ती रडायलाच लागली. सासूबाई शेजारी सांगत होत्या, "सून मला जेवायला देत नाही." खरं तर जेवून अर्धा तासही झालेला नसायचा. एकदा फडके रोडवरून येताना त्या घराचा रस्ताच विसरल्या. "वयानं होतं गं," असं मीही म्हणाले होते. ते माझं चुकलं. पुढे निदान झालं, अल्झायमर.

या आजारात काय बिघडतं, ते आपल्या कामाच्या भाषेत बघू.

पेशीतली बहुतेक कामं प्रथिनं करतात. डाळीतलं प्रथिन पचतं, त्याचे मणी सुटे होतात आणि पेशी त्यांची नवी माळ ओवते. पण नुसती माळ उपयोगाची नाही, तिची ठरावीक घडी पडावी लागते. साडी तीच, पण निऱ्या चुकल्या तर चालता येत नाही, तसंच.

म्हणून पेशीतही तपासणी असते. पापड भरण्याआधी आपल्यातली एक जण फुटके बाजूला काढते ना, तशी. काही मदतनीस प्रथिनं घडी नीट पाडायला हात देतात. तरी बिघडलंच, तर त्या मालावर 'युबिक्विटिन' नावाची चिठ्ठी लागते आणि त्याचे तुकडे होतात. या शोधाला 2004 मध्ये नोबेल मिळालं. मोठा कचरा पेशी पिशवीत गुंडाळून पचवते. त्या कामासाठी जपानचे योशिनोरी ओसुमी यांना 2016 मध्ये नोबेल मिळालं.

वय वाढतं तशी ही सफाई मंदावते. घंटागाडी चार दिवस आली नाही तर काय होतं, ते आपल्याला माहीत आहे. चुकीच्या घडीची प्रथिनं एकमेकांना चिकटून चिवट धागे होतात. त्यांना म्हणतात अमायलॉइड. चमचाभर विरजण जसं पातेलंभर दूध लावतं, तसे हे धागे चांगल्या प्रथिनांनाही आपल्यासारखं करतात. अल्झायमरमध्ये मेंदूत अशा गाठी लक्षणं दिसण्याच्या कितीतरी वर्षं आधी साठू लागतात. पार्किन्सनमध्ये प्रथिन वेगळं, पण गोष्ट अशीच. आपल्या जवळ, पवईच्या आयआयटीत, प्रा. समीर माजी यांची प्रयोगशाळा याच धाग्यांचा अभ्यास करते.

1906 मध्ये जर्मन डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी एका बाईच्या मेंदूतल्या या गाठींबद्दल पहिल्यांदा सांगितलं. त्या बाईच्या आजाराची सुरुवात नवऱ्यावरच्या संशयानं झाली होती. म्हणजे आळ घेणं हाही आजाराचाच भाग. सासूबाई खोटं बोलत नाहीत. जेवल्याची आठवण त्यांच्याजवळ राहतच नाही.

मग करायचं काय? आधी डॉक्टरांकडे जा. बी-12 ची कमतरता, थायरॉइड किंवा नैराश्य यांमुळेही विसर पडतो आणि त्यावर उपचार आहेत. अल्झायमर मात्र पूर्ण बरा होत नाही. औषधांनी काही काळ मदत होते. रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवा, चालणं सोडू नका. त्याने धोका कमी होतो. "आत्ताच तर जेवलात," असा वाद घालू नका. चार चुरमुरे हातावर ठेवा आणि विषय बदला. पदराला किंवा पर्समध्ये पत्ता आणि फोन नंबर लावून ठेवा. ज्येष्ठांसाठी सरकारची 14567 ही हेल्पलाइन आहे.

आणि शेजारणींनो, सुनेबद्दल असं काही कानावर आलं, तर आधी तिच्या घरी जाऊन बघा. आमच्या ताईकडे आता बैठकीच्या दिवशी गटातली एक जण सासूबाईंजवळ बसते. आजी तिला रोज नव्यानं नाव विचारतात. ती रोज सांगते. ताई मात्र बैठकीला येते.