घाटाच्या कडेला उभा माणूस

पशुवैद्यकाच्या टेबलापुढे बैलांची रांग लागली आहे. पांढरेधोप खिलार, कपाळावर भंडारा, गळ्यात घुंगरमाळा. डॉक्टर एकेकाचे डोळे बघतात, नाकपुड्या बघतात, खुरांवरून हात फिरवतात, चार पावले चालवून घेतात. अंगावर कुठे टोचल्याची, शेपटीच्या मुळाशी मुरगळल्याची खूण आहे का, तेही तपासतात. मग कागदावर सही. एका बैलापाशी ते थांबतात.

"पुढचा डावा पाय पुरता टेकत नाही. याला आज बारी नाही."

मालक हात जोडतो. दोन महिने खुराक घातलाय म्हणतो, पाहुणे आलेत म्हणतो. डॉक्टर ऐकून घेतात, पण सही करत नाहीत.

"मामा, पाय मोडला तर पुढच्या साली कुणाला पळवाल?"

मालक बैलाच्या वशिंडावर थोपटतो आणि कासरा धरून त्याला चिंचेच्या सावलीत नेतो. कुणी आरडाओरडा करत नाही, कुणी पुढाऱ्याला फोन लावत नाही. हे बघून मला मनापासून बरे वाटते. मुक्या जनावराच्या बाजूने सरकारचा एक माणूस इथे बसला आहे आणि त्याचा शब्द चालतो आहे.

जुन्नर तालुक्यातल्या एका गावच्या चैत्रातल्या यात्रेतली ही बैलगाडा शर्यत. ऊन आतापासूनच चटके देते आहे. रानाच्या चढणीवर माती दाबून केलेला सरळ घाट आहे. खालच्या टोकाला गाडे जुंपतात, वरच्या टोकाला निशाणाचा माणूस आणि घड्याळवाले बसलेत. दोन्ही बाजूंना माणसेच माणसे. बांधावर, झाडांवर, टेम्पोच्या टपावर, घरांच्या पत्र्यांवर. बाया डोक्यावर पदर ओढून बसल्यात, पोरे मोठ्यांच्या पायांतून वाट काढत थेट घाटाच्या कडेला येतात. कडेला एक सुतळीची दोरी आहे. ती बांबूंना बांधलेली आहे आणि जागोजागी लोकांच्या पोटापर्यंत ताणली गेली आहे.

माझ्या शेजारी एक वयस्कर गाडामालक उभे आहेत. फेटा, हातात बैलांच्या प्रमाणपत्रांची प्लॅस्टिकची पिशवी. ती ते क्षणभरही खाली ठेवत नाहीत.

"हा कागद म्हंजी आमचा जीव," ते म्हणतात. "लई वर्सं घाट सुना होता. पोरं म्हणायची, आबा, बैल विका. म्या एक जोडी राखली."

ती वर्षे या भागात सगळ्यांना तोंडपाठ आहेत. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतींवरही बंदी घातली. २०१७ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या केंद्रीय कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली, तर त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देण्यास मनाई केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. तेव्हा या पट्ट्यातल्या गावागावांत भंडारा उधळला गेला.

परवानगी मिळाली ती अटींवर. आधी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज, अनामत रक्कम, बैलांची तपासणी, धावपट्टी १,००० मीटरपेक्षा लांब नको, चाबूक-काठी-पराणी नको, विजेचा धक्का नको, सगळ्याचे चित्रीकरण हवे. अट मोडली तर ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. वरच्या टोकाला तिपाईवर लावलेला कॅमेरा मला इथून दिसतो. तो घाटाकडे रोखलेला आहे. गर्दीकडे त्याची पाठ आहे.

पहिली बारी जुंपली जाते. धुरेला दोन बैल, जुकाटाला दोन. दहा-बारा जण बैलांना दाबून धरतात. पुढे घोडीवाला तयार. माईकवरच्या निवेदकाचा आवाज चढत जातो आणि मग तो प्रसिद्ध 'भिर्रर्र' रानभर घुमतो. हात सुटतात. घोडी उसळते. चारही बैल एका अंगाचे असल्यासारखे वर झेपावतात, मातीचा लोट उठतो, आणि मोजून काही सेकंदांत निशाण पडते. माझ्या छातीत धडधडते. शहरात बसून या खेळाला नावे ठेवणाऱ्यांनी एकदा तरी या कडेला उभे राहावे असे वाटते. बैलाला घरच्या लेकरासारखे वाढवणाऱ्या माणसांचा हा सण आहे.

पण मी कडेला उभा आहे, म्हणूनच मला पुढचेही दिसते.

दर बारीनंतर गर्दी घाटात उतरते. बैल कुणाचे, वेळ किती, हे बघायला पोरे धावतात. पुढची बारी जुंपेपर्यंत ती मागे सरतात, पण प्रत्येक वेळी थोडी कमी. दुपारपर्यंत दोरी कुठे आहे ते सांगता येत नाही. घाट चांगला हातभर अरुंद झाला आहे.

बंदोबस्तावरच्या हवालदाराला मी विचारतो, "किती लोक असतील?"

"दहा-बारा हजार म्हणत्यात."

"आणि इथं मावतात किती?"

तो माझ्याकडे बघतो, मग घाटाकडे. "हे कुणी इचारलंच नाही साहेब."

त्याचा दोष नाही. अशा ठिकाणी हातात शिट्टी घेऊन उभे राहणे एवढेच त्याच्या वाट्याला आले आहे.

तीनच्या सुमाराची बारी. बैल निम्म्या घाटात असताना एक तरुण मोबाइल धरून पुढे वाकतो. जुकाटाचा डावा बैल बुजतो, मान फिरवतो, गाडा तिरका होतो. बैल लगेच सावरतात आणि वर निघूनही जातात. गाडा कुणालाही लागत नाही. पण पुढची रांग घाबरून मागे रेटते, तिच्या मागची आणखी मागे, आणि सगळ्यांत मागे दगडी बांध आहे, बांधाखाली कमरेएवढे खोल रान. माणसे एकमेकांवर कोसळतात. एका बाईची किंकाळी ऐकू येते. निवेदक अजून सेकंद सांगतो आहे.

आम्ही काही जण बांधाकडे धावतो. एका म्हाताऱ्या बाबांचा पाय दगडात अडकला आहे. दहाएक वर्षांच्या मुलाच्या कपाळातून रक्त येते आहे. त्याची आई पदराने ते दाबून धरते आणि "श्वास घे रं, श्वास घे" म्हणत राहते. तो घेतो. रुग्णवाहिका आहे, पण ती रस्त्यावर आहे. रस्ता आणि बांध यांच्यामध्ये पिकअप आणि दुचाकी इतक्या दाटून लावल्यात की स्ट्रेचर डोक्यांवरून न्यावे लागते. बाबा कण्हत नाहीत. ते एवढेच विचारतात, "बैल बरं हायत ना?"

बैल बरे आहेत. डॉक्टर त्यांच्याकडे आधीच पोचले आहेत.

या दोन दृश्यांमधले अंतर मला सोसत नाही. बैलाची काळजी कमी करा असे मी स्वप्नातही म्हणणार नाही. ती काळजी न्यायालयात वर्षानुवर्षे झगडून मिळाली आहे. पण हा खेळ ज्या कायद्यातून परत आला तो जनावरांच्या रक्षणाचा कायदा आहे, आणि त्याचे नियम पशुसंवर्धन विभागाकडचे आहेत. त्यांचे सगळे लक्ष बैलावर असणे साहजिक आहे. दहीहंडीला २०२२ साली साहसी खेळाचा दर्जा जाहीर झाला तेव्हा सरकारला गोविंदा आठवला. थरावरून पडून मृत्यू झाला तर वारसाला १० लाख रुपयांची मदत जाहीर झाली. तेही योग्यच झाले. मात्र बैलाला डॉक्टर मिळाला, खेळाडूला विमा मिळाला, आणि बघायला आलेला माणूस कोणत्याच खात्याच्या फायलीत बसला नाही.

गर्दीत माणूस कसा मरतो हे महाराष्ट्राला कुणी शिकवायला नको. २५ जानेवारी २००५ रोजी वाई तालुक्यात मांढरदेवीच्या यात्रेत जवळपास ३०० माणसे गेली. अरुंद वाट, उतार, दोन्ही बाजूंची दुकाने, पळायला जागा नाही. ४ जून २०२५ रोजी बंगळूरच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर क्रिकेटच्या विजयाचा आनंद साजरा करायला आलेले ११ जण चेंगरून मेले. त्यानंतर कर्नाटक सरकारने गर्दी नियंत्रणाचे विधेयक विधानसभेत मांडले. कायदा असा दरवेळी मृतांच्या मागून चालत येतो. ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानात २ जानेवारी १९७१ रोजी जिन्यावर ६६ फुटबॉलप्रेमी चिरडले गेले, तेव्हा कुठे ब्रिटनने १९७५ मध्ये मैदानांच्या सुरक्षेचा कायदा केला. त्यातली मुख्य गोष्ट अगदी साधी होती. मोठ्या मैदानाला स्थानिक प्रशासनाचे सुरक्षा प्रमाणपत्र हवे आणि तिथे किती प्रेक्षक मावतात तो आकडा त्यावर लिहिलेला हवा. हवालदाराला मी विचारलेला प्रश्न तोच होता.

इकडे घाटावर यात्रा समितीचे चार जण निवेदकाच्या कानाला लागतात. माईक क्षणभर गप्प होतो. मग तोच आवाज, पण आता वेगळ्या सुरात.

"मंडळी, आता आयकून घ्या. दोरीच्या आत एक पाय जरी दिसला, तरी बारी सुटणार नाही. गाडा जुंपलेला सोडून ठेवतोय."

आणि खरोखर जुंपलेले बैल सोडले जातात. गर्दीतून शिट्ट्या येतात, कुणी ओरडते, पण समिती हलत नाही. मग गाडामालकच घाटात उतरतात. माझ्या शेजारचे आबा प्रमाणपत्रांची पिशवी बगलेत धरून पोरांना मागे सारतात. "आरं, तुला काय झालं तर पुन्ना बंदी आणतील. मागं सर." पिकअपचे मालक माईकवरून नावानिशी पुकारले जातात, आणि रुग्णवाहिकेची वाट मोकळी होते. तरुणांची एक साखळी बांधाच्या बाजूला हातात हात धरून उभी राहते. अर्ध्या तासात घाट पुन्हा सकाळच्या रुंदीचा झाला आहे.

मग पुन्हा 'भिर्रर्र'. बारी सुटते, निशाण पडते, आणि यावेळी कुणीही घाटात उतरत नाही. खेळाची रंगत कणभर कमी झालेली नाही. उलट बैल मोकळे पळतात.

समितीने हे आपल्या शहाणपणाने केले. पुढच्या गावची समिती करेल की नाही, कुणी सांगावे? म्हणून हे शहाणपण परवानगीच्या कागदात उतरले पाहिजे. अर्जाला बैलांच्या प्रमाणपत्रांबरोबर घाटाचा नकाशा जोडलेला असावा. कडेला माणसे किती, त्यांच्यात आणि धावेत अंतर किती, बाहेर पडायच्या वाटा कुठे, रुग्णवाहिकेचा रस्ता कोणता, आणि बारी थांबवायचा अधिकार कुणाचा, हे त्यावर स्पष्ट असावे. सुतळीच्या जागी दुहेरी बांबूचा कठडा हवा. पैसा नाही म्हणायला जागा नाही. मंडपात बक्षिसाच्या दुचाकी हार घालून ओळीने उभ्या आहेत आणि प्रत्येकीवर देणगीदाराचे नाव झळकते आहे. एका दुचाकीच्या किमतीत या घाटाचा कठडा होईल. तो उभारणाऱ्याचे नाव माईकवरून दहा वेळा पुकारा, मी टाळ्या वाजवीन.

त्यासाठी नव्या कायद्याची किंवा आणखी एका निकालाची वाट बघायचे कारण नाही. शर्यतीची परवानगी जिल्हाधिकारी देतात, आणि २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्षही तेच असतात. बैल आणि माणूस, दोघांचीही जबाबदारी एकाच टेबलावर येते. पुढच्या चैत्रासाठी गावांचे अर्ज येतील तेव्हा त्या टेबलावरून एक प्रश्न विचारला गेला पाहिजे: तुमच्या घाटाच्या कडेला माणसे किती मावतात? उत्तर आल्याशिवाय सही होता कामा नये.