ऑक्सिजन सेन्सरचा कोड आणि जुनी गाडी : एक मागोवा

पैठण तालुक्यातील बिडकीन हे छत्रपती संभाजीनगर–पैठण रस्त्यावरचे गाव. अशा गावांतल्या गॅरेजमध्ये ‘चेक इंजिन’चा दिवा लागलेल्या ज्या जुन्या पेट्रोल गाड्या येतात, त्यांच्या दुखण्याचा माग काढत गेले की तो शिसेविरहित पेट्रोलापर्यंत जाऊन पोहोचतो. ऑक्सिजन सेन्सर म्हणजे धूर वाहून नेणाऱ्या नळीत बसवलेला, झिर्कोनिया या सिरॅमिकचा बोटाएवढा भाग. त्याच्या आत बाहेरची हवा आणि बाहेरून इंजिनाचा धूर असतो, आणि सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापला की दोन्हींकडील ऑक्सिजनच्या फरकानुसार तो विद्युतदाब निर्माण करतो. मिश्रणात पेट्रोल जास्त झाले की हा दाब ०.९ व्होल्टकडे चढतो, हवा जास्त झाली की ०.१ कडे उतरतो. बॉशने घडवलेला हा सेन्सर १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाड्यांत प्रथम आला. पेट्रोलमधले शिसे मात्र त्याच्या प्लॅटिनमच्या थरावर बसून त्याला निकामी करते. भारतात शिसेविरहित पेट्रोल १९९५ मध्ये चार महानगरांत आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर मिळू लागले. त्याआधी असा सेन्सर असलेली गाडी बिडकीनला पोहोचली असती, तरी तो फार दिवस टिकला नसता.

कार्बोरेटरच्या काळात मिस्त्री प्लगच्या टोकाचा रंग पाहून आणि इंजिनाचा आवाज ऐकून मिश्रणाचा अंदाज बांधत असे. एमपीएफआय, म्हणजे पेट्रोल फवारून देणारी इंजेक्शन प्रणाली, आल्यावर तो निर्णय गाडीतल्या संगणकाकडे गेला. इंजिनातील दोष गाडीनेच ओळखून कोडच्या रूपात नोंदवण्याची ओबीडी ही व्यवस्था भारतात २०१० पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली, तिचा दुसरा टप्पा २०१३ मध्ये आला, आणि मोबाइलला ब्लूटूथने जोडले जाणारे स्वस्त स्कॅनर मिळू लागल्यावर कोड वाचणे कोणालाही जमू लागले. अडचण इथेच सुरू झाली, कारण कोड संगणकाला काय दिसले ते सांगतो, कोणता भाग बिघडला ते सांगत नाही. तरीही ‘सेन्सर गेला’ असे म्हणून नवा सेन्सर बसवला जातो आणि चार दिवसांत दिवा पुन्हा लागतो.

पी०१३५ हा कोड पुढच्या सेन्सरच्या हीटरविषयी, म्हणजे सेन्सर लवकर तापवणाऱ्या तारेच्या वीजमार्गाविषयी असतो. बॉशच्या चार वायरींच्या सेन्सरमध्ये दोन पांढऱ्या वायरी हीटरच्या असतात; कनेक्टर सोडवून त्यांच्यामध्ये मल्टिमीटर लावला आणि काही ओहमचा रोध मिळाला, तर हीटरची तार तुटलेली नाही, मग फ्यूज आणि गाडीकडील वायरिंग तपासावे लागते. मागच्या सेन्सरच्या हीटरचा पी०१४१ आला असेल, तर गाडीच्या पोटाखालून जाणारी वायर आधी पाहावी, कारण पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल तिथेच साचतो.

पी०१७१ अधिक फसवा असतो. त्याचा अर्थ मिश्रणात हवा जास्त दिसल्यामुळे संगणकाला मर्यादेपलीकडे पेट्रोल वाढवावे लागले एवढाच आहे, आणि त्यामागे फाटलेला व्हॅक्यूम होज, चोंदलेला पेट्रोल फिल्टर किंवा सेन्सरच्या आधी सायलेन्सरच्या नळीला गेलेली बारीक चीर असू शकते. त्या चिरेतून आत शिरलेली हवा सेन्सर प्रामाणिकपणे मोजतो आणि दोष त्याच्या माथी येतो. तापलेल्या इंजिनावर एक्सलरेटरला झटका दिला आणि सेन्सरचा विद्युतदाब झटकन वर जाऊन उतरला, तर सेन्सर जिवंत आहे. नळीला साबणाचे पाणी लावून बुडबुडे शोधणे ही नंतरची पायरी आहे.

एक बारकावा जुने कारागीरही विसरतात. अनेक सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीच्या आवरणाखालून, तारांमधल्या पोकळीतून मिळते, त्यामुळे कनेक्टरमध्ये ग्रीस भरले किंवा वायर डाग देऊन जोडली, तर चांगला सेन्सरही चुकीचे सांगू लागतो.

आता गाड्याच बदलू लागल्या आहेत. बिडकीनच्या ऑरिक औद्योगिक क्षेत्रात एथर एनर्जी व टोयोटा किर्लोस्कर यांच्या प्रकल्पांची घोषणा २०२४ मध्ये झाली. एथरच्या विजेवरील स्कूटरला असा सेन्सर लागतच नाही. टोयोटाच्या हायब्रिड गाडीत पेट्रोल इंजिन असल्याने तो राहतो. जुन्या खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करून घेता येते, आणि तेवढा काळ गॅरेजमध्ये मल्टिमीटरच्या दोन टोकांचे काम संपलेले नसेल.