टर्बोच्या मोटारीस इंजिन कोणते निवडावे?

बेळगावच्या रविवार पेठेत चाळीस वर्षे ज्वारी-तांदळाची घाऊक विक्री करणाऱ्या, मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या माणसाने मोटारीच्या इंजिनावर लेखणी चालवावी, याचे सभासद बंधूंना नवल वाटेल. परंतु हल्ली आपल्या पुष्कळ घरांतील मुलगे या नादास लागले आहेत, आणि वडीलधाऱ्यांना त्यातला खर्च तेवढा दिसतो. मलाही तेवढाच दिसत होता.

माझा पुतण्या अमेरिकेत ओहायो राज्यात नोकरीस असतो. घर घेण्यासाठी साठविलेल्या रकमेतून साडेतीन हजार डॉलर काढून त्याने २०२२ साली आपल्या जुन्या मोटारीसाठी टर्बोचे एक इंजिन विकत घेतले, आणि ते चौथ्याच महिन्यात निकामी झाले. तेव्हापासून माझा धाकटा बंधू, म्हणजे त्याचे वडील, त्याच्याशी फोनवर जेमतेम दोन शब्द बोलत. पुढील वर्षी मी तिकडे गेलो तो खरे पाहता समेट घडविण्यासाठी.

टर्बो म्हणजे काय, हे आधी सांगतो. इंजिनातून निघणारा तप्त धूर एरवी वाया जातो. त्याच्या जोराने एक लहान चक्र फिरवावयाचे, व त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून सिलिंडरात भरावयाची, ही युक्ती आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याची. तिचे पेटंट १९०५ सालचे. समुद्रसपाटीस हवेचा दाब दर चौरस इंचास १४.७ पौंड असतो. त्यावर सात पौंडांची भर पडली की जवळजवळ दीडपट हवा आत जाते, त्या मानाने अधिक इंधन जळते व शक्ती वाढते. परंतु पोते तेच आणि माल दीडपट, असा हा प्रकार आहे. शिवण कोठे उसवेल, ते भरण्यापूर्वी पाहिले पाहिजे.

दाबलेली हवा तापते. अशा तापलेल्या मिश्रणाचा काही भाग ठिणगीची ज्योत पोहोचण्यापूर्वीच आपोआप भडकतो आणि पिस्टनवर हातोड्यासारखा घाव बसतो. पहिले इंजिन याच घावाने गेले. दोन रिंगांमधील पिस्टनचा काठ तुटून निघाला होता. तो तुकडा पुतण्याने डबीत जपून ठेवला होता, तो त्याने माझ्या हातावर ठेवला. विकणाऱ्याने ‘इंजिन फार चाललेले नाही’ असे तोंडी सांगितले होते, सबब सारा दोष त्याचाच, असे त्याचे म्हणणे.

“अरे, हवेच्या मानाने इंधन पुरेसे जात होते काय, ते तू मोजलेस का?” मी विचारले.

“नाही काका. तो मीटर नंतर घ्यायचा ठरवला होता.”

म्हणजे तराजू न घेताच दुकान मांडलेले! त्या दिवशी आम्ही दोघांनी प्रथम तो मीटर खरेदी केला. इंजिनाचा विचार मागाहून.

या मुलांच्या तोंडी पहिले नाव असते ते टोयोटाच्या टू-जेझेड-जीटीई या इंजिनाचे. १९९३ पासून सुप्रा मोटारीत बसविलेले हे तीन लिटरचे, एका ओळीत सहा सिलिंडरांचे इंजिन. ब्लॉक बिडाचा, क्रँकशाफ्टला सात ठिकाणी आधार, पिस्टनवर खालून तेलाचा फवारा, आणि कॉम्प्रेशनचे प्रमाण मुद्दाम कमी, म्हणजे साडेआठास एक. अर्थात् ते जन्मतःच टर्बोसाठी घडविलेले आहे, व त्याची कीर्ती खोटी नाही. तथापि त्या सुप्राचे उत्पादन २००२ साली थांबले. आता मिळते ते इंजिन वीस वर्षांहून जुने, कीर्तीच्या भावाने विकले जाणारे, आणि मधल्या काळात कोणी किती पिळून घेतले याची बहुधा नोंद नसलेले.

माझे मन बसले ते दुसऱ्यावर. जनरल मोटर्सने १९९९ ते २००७ या काळात शेव्हरोलेच्या पिकअप गाड्यांत घातलेले, एलएम-७ या संकेताचे, ५.३ लिटरचे आठ सिलिंडरी इंजिन. मूळची शक्ती सालपरत्वे २७० ते २९५ अश्वशक्ती. याचाही ब्लॉक बिडाचा. बेळगावात ओतकामाचे कारखाने पुष्कळ, त्यामुळे बीड व ॲल्युमिनियम यांतील भेद आम्हांस नवा नाही. बीड जड खरे, पण दाबाखाली सहसा आकार सोडत नाही. कॉम्प्रेशनचे प्रमाण मात्र साडेनवास एक, यास्तव टर्बोचा दाब बेताचा ठेवावा लागतो. ओझी ओढण्यासाठी लाखोंनी बनलेले हे इंजिन; सुटे भाग गावोगाव मिळतात.

भंगाराच्या आवारात मागून ठोकर बसलेला असा एक पिकअप उभा होता. इंजिन आठशे डॉलर. मीटरवर एक लाख तीस हजार मैल पाहून पुतण्याचे तोंड उतरले. मी म्हटले, तांदूळही जुनाच चढ्या भावाने जातो. इंजिन अद्याप गाडीतच असल्यामुळे ते सुरू करून ऐकता आले, आणि आठशेपैकी निम्मे मोल मी त्या ऐकण्याचेच धरतो. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साका नव्हता, म्हणजे तेलात पाणी मिसळलेले नव्हते. मग एकेक प्लग काढून आठही सिलिंडरांचा दाब मोजला. सातवा किंचित मागे, बाकी सारखे. दहा टक्क्यांच्या आत सगळे बसले.

घरी आणल्यावर त्याने ते उघडून रिंगांची टोके कानशीने घासली. उष्णतेने रिंग लांबते. टोकांत फट कमी असेल तर ती एकमेकांस भिडतात व पिस्टनचा काठ फोडतात. टर्बोस ही फट मूळच्याहून अधिक ठेवावी लागते. दाब त्याने सात पौंडांवर बांधला.

तिकडे पंपावर ई-८५ नावाचे इंधन मिळते. त्यात बहुतांशी इथेनॉल, आणि अमेरिकेत इथेनॉल होते ते मुख्यत्वे मक्यापासून. ते सहजी आपोआप भडकत नाही, म्हणून टर्बोवाल्यांस प्रिय. मात्र पेट्रोलपेक्षा खपते जास्त, तेव्हा इंधन फवारणारे इंजेक्टर मोठे घ्यावे लागतात. मका विकणाऱ्यास हे ऐकून बरे वाटले, हे लपवीत नाही.

आपल्याकडील मुलांनी हे वाचून लगेच पाना हाती घेऊ नये. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमामुळे नोंदविलेल्या गाडीच्या मूळ घडणीत मन मानेल तसा फेरफार करता येत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही त्यास दुजोरा दिला आहे.

गेल्या दिवाळीत धाकटे बंधू ओहायोस जाऊन आले. मोटारीत बसलास काय, असे मी विचारले. “बसलो. आवाज फार करते,” ते म्हणाले, आणि खिशातून फोन काढून तिचे छायाचित्र मला दाखविले.