पाळीव लावा आणि कायद्याचे कुंपण

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने लावा पक्ष्याला अभय दिले. रानात फासे लावून लावे धरणे, एवढेच नव्हे तर त्यांची अंडी उचलणे हाही गुन्हा ठरला. पिढ्यान्‌पिढ्या त्यावर गुजराण करणाऱ्या फासेपारध्यांचा व्यवसाय त्यामुळे बुडाला. तथापि पाखरे वाचावयाची तर कायदा आवश्यकच होता.

पुढे दोनच वर्षांनी, १९७४ साली, जपानी लावा अमेरिकेतून भारतात आला आणि इज्जतनगरच्या संशोधकांनी त्याची पैदास रुजविली. याची अंडी १७-१८ दिवसांत उबतात, पाच आठवड्यांत पक्षी विक्रीयोग्य होतो आणि खुराड्याला जागाही थोडीच लागते. अल्पभूधारकाला इतका सोयीचा जोडधंदा क्वचितच सापडेल. परंतु २०११ साली केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने हा पक्षीही वन्यच मानून नवे परवाने देऊ नयेत आणि जुन्यांनी विस्तार करू नये, असे राज्यांना कळविले. कालांतराने हे निर्बंध उठले. त्यांतून उभा राहिलेला प्रश्न मात्र उरतोच.

वस्तुतः पाळीव जपानी लावा अंडी उबविणेच जवळजवळ विसरला आहे. ज्याची पिले यंत्राच्या उबेवाचून जन्मत नाहीत, त्याला रानचा पक्षी म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. उलट बाजूही नाकारता येत नाही. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारा लावा दिसावयास बराचसा तसाच असतो. आणि पिसे काढून ताटात आलेला पक्षी खुराड्यातला की रानातला, हे कोण सांगणार? अंगणातला पिंजरा शिकारीचा आडोसा होऊ शकतो.

यावर उपाय बंदी हा नव्हे, नोंद हा आहे. पिले कोणत्या उबवणी केंद्रातून आणली आणि पक्षी कोणाला विकले, एवढी साधी नोंद गावाजवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात व्हावी. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा परिसरातील कोंबड्या सरसकट नष्ट कराव्या लागल्या. अशा प्रसंगी कोणाच्या घरी किती पाखरे होती हे ठाऊक असेल, तरच रोगाला आळा बसतो आणि भरपाईही योग्य हाती पडते. परवान्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी हेलपाटे घालावे लागले, तर गरीब माणूस लपूनछपून पक्षी पाळील. आणि लपलेल्या खुराड्यात पाळीव व रानटी यांतला भेद कोणत्याही कायद्याला करता येणार नाही.