स्वयंपाकघरातल्या बाईकडे कोण बघतंय?

मागच्या व्याख्यानात आपण डच बाजारपेठेची चित्रं पाहिली. आज थेट स्वयंपाकघरात शिरू आणि प्रश्न एकच ठेवू: चित्रात राबणारी बाई दिसते, पण तिच्याकडे कोण बघतंय?

थोडं मागून सुरू करू. पीटर आर्टसेनचं १५५२ सालचं एक चित्र व्हिएन्नात आहे. समोर मांसाची भलीमोठी तंगडी, आणि लांब मागे, अगदी लहान, येशू, मार्था आणि मेरी. बायबलमधली मार्था पाहुणचारात बुडालेली असते. बहीण मेरी मात्र येशूचं बोलणं ऐकत बसते. मार्था तक्रार करते, तेव्हा येशू मेरीचीच बाजू घेतो. म्हणजे रांधणं-वाढणं दुय्यम ठरतं.

शंभर वर्षांनी काळ बदललेला आहे. डच प्रजासत्ताकात आता चित्रं चर्चपेक्षा सुखवस्तू घरांच्या भिंतींवर जास्त लागतात. याकोब कॅट्सचं विवाहावरचं पुस्तक १६२५ सालीच आलंय. चांगली गृहिणी कशी असावी, हे ते सांगतं. आता निकोलास मासचं १६५५ सालचं चित्र बघा, लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं. मोलकरणीला बसल्याबसल्या डुलकी लागलीय, भांडी जमिनीवर पसरलीत, मागे मांजर कोंबडी पळवतंय. मालकीण हसत, हाताने तिच्याकडे दाखवत, आपल्याकडे बघते. 'बघा हिचे प्रताप!' असंच जणू. आपण हसलो की मालकिणीच्या बाजूचे झालो. बाई दमली असेल, हा विचार चित्र आपल्याला करूच देत नाही.

आता व्हर्मीर. साधारण १६५८ सालचं हे चित्र ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. उंची जेमतेम ४५ सेंटिमीटर. नाव 'दूधवाली', पण ही गवळण नव्हे, घरातली कामवाली. बाह्या वर सारलेल्या, हात कामाने रापलेले. दुधाची बारीक धार, पावाचे तुकडे, भिंतीत एक खिळा. तळाशी पाय शेकायची शेगडी, आणि टाइलवर इवलासा क्युपिड, म्हणजे प्रेमदेव. मोलकरणींवरच्या चावट विनोदांची एवढीच काय ती आठवण. मालकीण कुठेच नाही.

गंमत म्हणजे, २०२२ साली संग्रहालयाने जाहीर केलं की व्हर्मीरने इथे आधी जग अडकवायची फळी आणि एक वेताची टोपली रंगवायला घेतली होती, मग ती झाकून टाकली. पसारा गेला, बाई आणि तिचं काम उरलं. ती आपल्याकडे बघतही नाही, कारण धार सांडता कामा नये.

पण म्हणून लगेच भारावून जायला नको. १६९६ च्या लिलावात हे चित्र १७५ गिल्डरला गेलं, त्या काळी घसघशीत रक्कम. कष्टाचं चित्र पैसेवाल्यांच्या भिंतीवर लागलं. ते कुणी काढलं, किती किमतीला गेलं, याची नोंद आहे. समोर उभं राहून दूध ओतणाऱ्या बाईचं नाव मात्र चित्रासोबत कुणी लिहून ठेवलं नाही.