ऐतिहासिक पुणे शहरातील जाहिरात फलकांचे नियमन : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

शहराचा इतिहास जसा दप्तरांत आणि ग्रंथांत असतो, तसा तो रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाच्या नजरेसमोरही असतो. पुण्यातील कसबा, शनिवार, सदाशिव, नारायण या पेठांतून जाताना दिसणारी वाड्याची दिंडी, सज्जा, लाकडी महिरप किंवा देवळाचे शिखर हा या इतिहासाचा सर्वांना खुला असलेला भाग होय. तो पाहण्यास तिकीट लागत नाही आणि शिक्षणाची अटही नाही. हा भाग जाहिरात फलकांमुळे झाकला जात असेल, तर त्या फलकांचे नियमन हा केवळ महसुलाचा किंवा वाहतुकीचा प्रश्न राहत नाही.

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाने पदवी वर्गातील विद्यार्थ्यांना पेठेतील एका जुन्या वाड्यासमोर उभे करून समोरच्या दर्शनी भागाचे रेखाचित्र काढण्यास सांगितले होते. बहुतेकांच्या कागदावर तळमजल्यावरील दुकानांच्या पाट्या आणि छतावरील फलक अचूक उतरले. मधली माडी मात्र दोन-तीन रेषांत आटोपली होती. विद्यार्थ्यांचे निरीक्षण चुकले असे म्हणता येणार नाही. त्यांना जे दिसले ते त्यांनी काढले. या अनुभवातून प्रस्तुत अभ्यासाचा प्रश्न पुढे आला : महानगरपालिका फलकांचे नियमन करते तेव्हा ती नेमके कशाचे नियमन करते?

अभ्यासाची उद्दिष्टे

१) जाहिरात फलकांविषयीच्या कायदेशीर तरतुदींचे स्वरूप स्पष्ट करणे.
२) या तरतुदी ऐतिहासिक परिसराच्या संदर्भात कोठे अपुऱ्या पडतात, ते पाहणे.
३) वाडामालक, महानगरपालिका आणि नागरिक यांच्या हितसंबंधांचा विचार करून काही उपाय सुचविणे.

लेखाची पद्धती वर्णनात्मक व विश्लेषणात्मक असून तो अधिनियमातील तरतुदी, सार्वजनिक नोंदीतील घटना आणि प्रत्यक्ष निरीक्षण यांवर आधारलेला आहे.

'आकाशचिन्ह' : संज्ञा आणि तिचा अर्थ

पुणे नगरपालिका १८५७ मध्ये स्थापन झाली आणि १९५० मध्ये तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. तिचा कारभार ज्या कायद्याने चालतो तो मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९ हा आज महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम या नावाने ओळखला जातो. त्याच्या कलम २४४ मध्ये आकाशचिन्हांचे आणि कलम २४५ मध्ये इतर जाहिरातींचे नियंत्रण सांगितले आहे. आयुक्तांच्या लेखी परवानगीवाचून आकाशचिन्ह उभारता येत नाही, तसेच ते तेथे ठेवताही येत नाही. ही परवानगी एका वेळी दोन वर्षांपेक्षा अधिक काळासाठी देता येत नाही. फलकात परवानगीबाह्य भर घातली, किंवा तो अथवा त्याचा काही भाग कोसळला, तर ती रद्द ठरते.

'आकाशचिन्ह' हा शब्द प्रथम वाचणाऱ्यास विचित्र वाटतो. तो इंग्रजी कायद्यातील शब्दाचा सरळ अनुवाद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये इमारतींच्या छपरांवर जाहिरातींचे उंच सांगाडे उभे राहू लागले, तेव्हा १८९१ मध्ये तेथे स्वतंत्र कायदा करावा लागला. तीच कल्पना पुढे आपल्याकडील नगरविषयक कायद्यांत आली. आपल्या अधिनियमातील व्याख्येचा आशय असा की, जमिनीवर किंवा इमारतीवर आधार देऊन उभारलेली आणि रस्त्यावरील कोणत्याही ठिकाणावरून पाहिली असता आकाशाच्या पार्श्वभूमीवर पूर्णतः किंवा अंशतः दिसणारी जाहिरात म्हणजे आकाशचिन्ह.

ही व्याख्या लक्षपूर्वक वाचण्याजोगी आहे. येथे कायद्याने फलकाची लांबी-रुंदी विचारलेली नाही. रस्त्यावर उभा असलेला माणूस वर पाहतो तेव्हा त्याच्या आणि आकाशाच्या मध्ये काय येते, हे विचारले आहे. म्हणजे नियमनाचा उगम चौरस फुटात नसून पाहणाऱ्याच्या नजरेत आहे. प्रत्यक्ष प्रशासनात मात्र ही नजर मागे पडली आणि क्षेत्रफळ पुढे आले. राज्य शासनाने २००३ मध्ये आणि त्यानंतर २०२२ मध्ये आकाशचिन्हे व जाहिराती यांच्या नियंत्रणाचे नियम केले. परवान्याचा अर्ज, आकार, उंची, बांधकाम स्थैर्य प्रमाणपत्र आणि शुल्क या बाबी आवश्यकच आहेत. तथापि फलक एक एक करून तपासले जातात. चार फलक स्वतंत्रपणे नियमात बसतात. चारही मिळून एखाद्या चौकाचे काय करतात, हे तपासण्याचे कोष्टक परवान्याच्या अर्जात नसते.

कर आणि शुल्क

नियमनाचा आर्थिक पैलूही समजून घ्यावा लागतो. राज्यघटनेच्या राज्यसूचीतील ५५ व्या नोंदीनुसार जाहिरातींवरील कर हा राज्याच्या अखत्यारीतील विषय होता आणि महानगरपालिकांना त्यातून उत्पन्न मिळत असे. २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीने ही नोंद वगळण्यात आली आणि जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. परिणामी महानगरपालिकेच्या हाती प्रामुख्याने परवाना शुल्क उरले.

कर आणि शुल्क यांतील फरक येथे महत्त्वाचा आहे. कर हा सर्वसाधारण खर्चासाठी असतो. परवाना शुल्काचा संबंध नियमनाच्या कार्याशी असावा लागतो. तेव्हा फलकांवरील शुल्कातून तपासणी, नोंदी आणि धोकादायक सांगाडे हटविणे ही कामे चोख होणे अपेक्षित आहे. परंतु जी संस्था फलकास परवानगी देते तिलाच प्रत्येक चौरस फुटामागे रक्कम मिळते, तेव्हा नकार देणे ही तिच्यासाठी तोट्याची गोष्ट ठरते. हा कोणा एका अधिकाऱ्याचा दोष नसून रचनेतील दोष आहे.

अधिकारक्षेत्रांची गुंतागुंत

ऐतिहासिक शहरात एकाच रस्त्यावर अनेक यंत्रणांचे अधिकार एकमेकांना छेदतात. शनिवारवाडा हे केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक अधिनियमात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र निषिद्ध आणि त्यापुढील २०० मीटरचे क्षेत्र नियंत्रित असते. बांधकामाच्या व्याख्येत कोणतीही संरचना उभारणे येते. त्यामुळे पाया खणून उभारलेला लोखंडी सांगाडा तिच्या बाहेर राहू नये. मात्र दोरीने बांधलेला कापडी फलक बांधकाम ठरत नाही आणि तो स्मारकासमोर आला तरी हा कायदा मुका राहतो. महानगरपालिकेच्या वारसा यादीतील श्रेणीबद्ध वास्तूंना तर अशी मीटरमध्ये मोजलेली कडी नाही. दुसऱ्या बाजीरावांच्या काळातील विश्रामबागवाड्याचे सुरूदार खांब ज्या रस्त्यावरून दिसतात, त्या रस्त्याच्या दुसऱ्या बाजूस काय उभे राहावे हे ठरविताना वास्तूची श्रेणी पुरेशी उपयोगी पडत नाही.

रेल्वेच्या जागेचा प्रश्न याहून गंभीर आहे. रेल्वेच्या हद्दीतील, केवळ रेल्वेच्याच कामकाजाविषयीच्या सूचनांना कलम २४४ मधील व्याख्येतून वगळले आहे. व्यापारी जाहिरातींना ही सूट लागू होत नाही. दुसरीकडे रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १८५ नुसार, केंद्र शासनाने अधिसूचना काढल्याखेरीज रेल्वेवरील जाहिरातींसाठी स्थानिक संस्थेस कर देण्यास रेल्वे प्रशासन बांधील नाही. करातून सूट म्हणजे नियंत्रणातूनही सूट, असा समज व्यवहारात रूढ होतो आणि देखरेखीत पोकळी निर्माण होते.

या पोकळीची किंमत कागदावर राहत नाही. ५ ऑक्टोबर २०१८ रोजी पुण्यातील जुना बाजार चौकात रेल्वेच्या जागेवरील फलकाचा लोखंडी सांगाडा काढण्याचे काम सुरू असताना तो सिग्नलला थांबलेल्या वाहनांवर कोसळला आणि चार जण मृत्युमुखी पडले. १७ एप्रिल २०२३ रोजी शेजारच्या पिंपरी-चिंचवड हद्दीत किवळे येथे वादळी वाऱ्यात फलक कोसळून आडोशाला थांबलेले पाच जण दगावले. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपर येथे रेल्वे पोलिसांच्या ताब्यातील जागेवरील फलक कोसळून १७ जणांचा बळी गेला. मुंबई महानगरपालिकेची कमाल मर्यादा ४० फूट बाय ४० फूट असताना तो फलक १२० फूट बाय १२० फूट आकाराचा होता. म्हणजेच त्याचे क्षेत्रफळ मर्यादेच्या नऊ पट होते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, आणि एकूण भार फलकाच्या क्षेत्रफळाबरोबर वाढतो. क्षेत्रफळाचा नियम हा केवळ महसुलाचा नियम नाही, हे येथे ध्यानात येते.

वाडामालकाची बाजू

वारसा जतनाची चर्चा बहुधा वाड्याच्या दर्शनी भागापाशी थांबते. त्याच्या मालकाच्या अडचणीपर्यंत पोहोचत नाही. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने गोठलेली भाडी पेठांतील अनेक वाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने दरवर्षी चार टक्के वाढीची मुभा दिली; पण मूळ भाडेच नाममात्र असल्यास त्यावरील चार टक्क्यांतून कौलेही बदलता येत नाहीत. अशा मालकास छतावरील फलकाचे भाडे हे वाड्याचे एकमेव खरे उत्पन्न वाटले, तर त्यास दोष देणे अवघड आहे. विरोधाभास असा की, तोच फलक लाकडी तुळयांवर व जुन्या भिंतींवर वाऱ्याचा भार आणतो आणि वाड्याचे आयुष्य कमी करतो. उत्पन्नाचा दुसरा मार्ग न दाखवता घातलेली बंदी वाडा पाडून नवी इमारत बांधण्याच्या निर्णयास हातभारच लावेल.

दुकानांच्या पाट्यांचाही स्वतंत्र विचार करावयास हवा. त्याच जागेत चालणाऱ्या व्यवसायाच्या जाहिरातीस कलम २४५ मध्ये सवलत आहे, आणि ती योग्यही आहे. तथापि लक्ष्मी रस्त्यासारख्या ठिकाणी माडीचा दर्शनी भाग झाकण्याचे काम छतावरील फलकांपेक्षा या पाट्याच अधिक करतात. ज्या शहराची 'पुणेरी पाटी' सर्वत्र परिचित आहे, त्या शहरास लहान पाटीचे सामर्थ्य वेगळे सांगावयास नको. ती पाटी दाराशी आलेल्या माणसाशी बोलते. तिला वाड्याहून मोठे व्हावे लागत नाही.

तात्पुरते फलक

वाढदिवस, नियुक्ती, उत्सव आणि श्रद्धांजली यांचे कापडी फलक हा नियमनातील सर्वांत दुबळा दुवा होय. १९९५ च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक अधिनियमात तीन महिन्यांपर्यंत कारावास, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सुस्वराज्य फाउंडेशनच्या जनहित याचिकेवर निर्णय देताना अनधिकृत फलकांविषयी स्थानिक संस्थांना सविस्तर निर्देश दिले. तरीही अंमलबजावणीत अडचण राहते, कारण फलकावर ज्यांचे छायाचित्र असते त्यांच्याशीच कारवाई करणाऱ्या कर्मचाऱ्यास दररोज काम करावयाचे असते. परवानाधारक फलक शुल्क भरतो, प्रमाणपत्र सादर करतो. चौकातील कापडी फलक यांपैकी काहीच करत नाही. नियम पाळणाऱ्यावरच नियमांचा भार, अशी ही स्थिती आहे. गणेशोत्सवातील कमानींचा प्रश्न थोडा निराळा आहे. त्यांतील जाहिरातींवर मंडळांचा खर्च चालतो, म्हणून तेथे बंदीपेक्षा ठरावीक मुदत, ठरावीक जागा आणि उत्सव संपताच काढण्याची जबाबदारी हा मार्ग अधिक व्यवहार्य वाटतो.

उपाययोजना

१) वारसा वास्तूंसमोरील रस्त्यांवर जेथून वास्तू पूर्ण दिसते ती ठिकाणे नकाशावर निश्चित करावीत आणि त्या दृष्टिरेषेत फलकास परवानगी देऊ नये. कलम २४४ मधील व्याख्येच्या मूळ हेतूशी हे सुसंगत आहे.
२) परवान्याचा विचार एकेका फलकाचा न करता संपूर्ण चौकाचा करावा.
३) रेल्वे व अन्य शासकीय जागांवरील फलकांच्या स्थैर्य तपासणीची जबाबदारी संयुक्तपणे व लेखी निश्चित करावी. फलक काढण्याच्या कामासही परवानगी व देखरेख अनिवार्य असावी.
४) प्रत्येक फलकावर परवाना क्रमांक, मुदत, मंजूर आकार आणि शेवटच्या तपासणीचा दिनांक वाचता येईल असा लिहावा.
५) छतावरील फलक स्वेच्छेने काढणाऱ्या वाडामालकास दुरुस्तीसाठी साहाय्य द्यावे. त्यासाठी नियमात आवश्यक ती तरतूद करून शहरातील इतर फलकांपासून मिळणाऱ्या रकमेचा ठरावीक भाग राखून ठेवावा.

समारोप

पुण्यातील जाहिरात फलकांच्या नियमनात कायद्याचा अभाव नाही. अभाव आहे तो कायद्याने गृहीत धरलेल्या माणसाचा. १९४९ च्या व्याख्येत रस्त्यावर उभा राहून वर पाहणारा एक सामान्य पादचारी आहे. परवान्याच्या कागदांत तो आढळत नाही. फलक कोसळतो तेव्हा त्याच्याखाली सापडतो तोच, आणि वाडा झाकला जातो तेव्हा ज्याचे नुकसान होते तोही तोच. आकार, शुल्क आणि मुदत यांच्या जोडीला या पादचाऱ्याच्या नजरेस नियमनात स्थान मिळाले, तर पुढील तुकडीतील विद्यार्थ्यांच्या रेखाचित्रांत वाड्याची माडीही उतरेल, अशी अपेक्षा करता येईल.