मानखुर्दच्या उजेडातला तेजोमेघ

तेजोमेघ, म्हणजे ताऱ्यांमधल्या पोकळीत पसरलेला विरळ वायू व धूळ यांचा ढग, दुर्बिणीतूनही बहुधा करड्या डागासारखाच दिसतो. कारण डोळा प्रकाश साठवू शकत नाही, आणि छायाचित्राची काच किंवा आजच्या कॅमेऱ्यातला संवेदक तो साठवत राहतो. हेन्री ड्रेपर यांनी 30 सप्टेंबर 1880 रोजी मृगातील तेजोमेघाचे पहिले छायाचित्र 51 मिनिटांच्या एक्स्पोजरने घेतले, आणि 1883 मध्ये अँड्र्यू कॉमन यांच्या काचेवर तर डोळ्याला कधीच न दिसलेले तारे उमटले. त्या रात्रींना विजेच्या दिव्यांची बाधा नव्हती.

मुंबईतल्या मानखुर्दची रात्र तशी नाही. शीव-पनवेल महामार्गाचे दिवे, चेंबूर-माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने, ठाणे खाडीवरची बाष्पयुक्त हवा आणि देवनारच्या कचराभूमीचा अधूनमधून येणारा धूर यांच्यामुळे जमिनीवरचा प्रकाश हवेत विखुरतो व आकाश काळे न राहता पिवळट-करडे होते. ताऱ्यांची तेजस्विता ‘प्रत’ या मापाने मोजतात आणि एका प्रतीचा फरक सुमारे अडीच पटींचा असतो. तेव्हा शहरातले आकाश अंधाऱ्या रानातल्या आकाशापेक्षा चार प्रतींनी उजळ असेल, तर ते सुमारे 40 पट तेजस्वी ठरते, आणि रानात तासाभरात मिळणाऱ्या दर्जाच्या चित्रासाठी येथे 40 तास लागतात. खगोलशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडसाठी विद्यार्थी निवडणारे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मानखुर्दलाच आहे. तेथे कागदावर काही ओळींत सुटणारे हे गणित शेजारच्या एखाद्या गच्चीवर सोडवायचे झाल्यास निम्मा हिवाळा खर्ची पडतो.

शहराचा उजेड चित्रातून वजा करता येत नाही काय? त्याची सरासरी वजा होते, पण प्रकाशकण ठरावीक संख्येने न येता कमीअधिक येतात, आणि हा स्वैर चढउतार, ज्याला छायाचित्रकार ‘नॉइज’ म्हणतात, वजाबाकीनंतरही मागे उरतो. स्टॅकिंग, म्हणजे अनेक फ्रेम ताऱ्यांच्या खुणेने एकमेकींवर बसवून त्यांची सरासरी काढणे, हा त्यावरचा उपाय आहे. एकूण 100 फ्रेम मिळवल्या तर तेजोमेघाचा प्रकाश 100 पट होतो, नॉइज मात्र 10 पटच वाढतो. पाच मिनिटांच्या 240 फ्रेम, अर्थात 20 तास, सुमारे 15 पट लाभ देतात. तो दुप्पट करायचा तर 80 तास हवेत, आणि येथेच पुष्कळांचा धीर सुटतो. त्याऐवजी एकच प्रदीर्घ एक्स्पोजर का घेत नाहीत, याचेही उत्तर शहरातच आहे: उजेडाने संवेदक काठोकाठ भरून जातो, आणि विमानाची एक रेघ सारी रात्र वाया घालवते; उलट फ्रेम अनेक असल्या की इतरांशी न जुळणारी ती रेघ गणितानेच गाळली जाते.

खरी सुटका मात्र अरुंद पट्ट्याच्या फिल्टरने केली. वायुमय तेजोमेघ मोजक्याच तरंगलांबींवर चमकतात: हायड्रोजन 656.3 नॅनोमीटरवर आणि दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन 500.7 नॅनोमीटरवर. सुमारे 300 नॅनोमीटरच्या दृश्य पट्ट्यातला 7 नॅनोमीटरचा तुकडाच आत सोडला, तर पांढऱ्या दिव्यांचा जवळजवळ चाळिसावा हिस्साच उरतो, म्हणजे शहराने घेतलेले बहुतेक सारे परत मिळते. यातली ऑक्सिजनची रेषा महाराष्ट्राला नवी नाही. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेत कावसजी नायगामवाला यांनी 1891 मध्ये मृगातील तेजोमेघाच्या वर्णपटात तीच तपासली होती. तिचा उगम आयरा बोवेन यांनी 1927 मध्ये उलगडला. कृत्तिकांभोवतीच्या निळसर धुळीला मात्र हा फिल्टर निरुपयोगी आहे, कारण ती ताऱ्यांचाच सर्वरंगी प्रकाश परावर्तित करते. तिच्यासाठी खगोल मंडळ या हौशी संस्थेच्या रात्रभराच्या आकाशदर्शनांमुळे मुंबईकरांना परिचित झालेली वांगणी, किंवा तिच्याही पलीकडचे रान, गाठलेले बरे.

अशा फिल्टरने शहरातून टिपता येणाऱ्या तेजोमेघाचे उदाहरण म्हणून शृंगाश्व तारकासमूहातील रोझेट तेजोमेघ घेता येईल, जो काक्षी ताऱ्याकडून प्रश्वा ताऱ्याकडे जाताना सुमारे एक तृतीयांश अंतरावर, किंचित दक्षिणेला आहे. तो सुमारे 5000 प्रकाशवर्षे दूर असूनही आकाशात पूर्णचंद्राच्या दुपटीहून रुंद पसरलेला आहे, पण त्याचा प्रकाश तेवढ्या मोठ्या जागेत विरघळलेला असतो. मानखुर्दहून तो 76 अंश उंचीपर्यंत चढतो, जेथे धुरकट हवेचा थर सर्वांत पातळ असतो, आणि हिवाळ्याच्या मध्यावर रात्रीत सुमारे 8 तास 30 अंशांच्या वर राहतो. याउलट दुर्बीण पेलून आकाशाबरोबर फिरणाऱ्या माउंटचा अक्ष ज्या ध्रुवताऱ्याच्या आधाराने लावतात तो येथे जेमतेम 19 अंशांवर, धुरक्यात व इमारतींआड असतो. म्हणून ही जुळणी अनेकदा त्याला न पाहता, इतर ताऱ्यांच्या सरकण्यावरून करावी लागते.

प्रत्येक सत्रात दोन प्रकारच्या पूरक फ्रेम घ्याव्या लागतात: झाकण लावून, त्याच तापमानाला व तेवढ्याच अवधीच्या ‘डार्क’, ज्यांतून संवेदकाच्या उष्णतेने निर्माण झालेला खोटा संकेत कळतो, आणि एकसारख्या उजळ पृष्ठभागाच्या ‘फ्लॅट’, ज्यांतून भिंगावरच्या धुळीच्या सावल्या व कडेचा काळोख दुरुस्त होतो. हे काम कंटाळवाणे असल्याने नवशिके ते टाळतात आणि मग शहराच्या उजेडाला दोष देत बसतात.

तारे रोज सुमारे 4 मिनिटे आधी उगवतात, त्यामुळे मार्चअखेरीस रोझेट संध्याकाळीच पश्चिमेकडे कलू लागतो आणि जून ते सप्टेंबर पावसाचे ढग सारेच काम थांबवतात. नोव्हेंबरात कॅमेरा पुन्हा त्याच कोनात बसवला, तर गेल्या हिवाळ्यातल्या फ्रेम नव्या फ्रेमच्या बेरजेत जशाच्या तशा मिळवता येतात.